आठच पोरं, तरीही शाळा

चि. बाय हिस,


तुझं पत्र परवा मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रागच आला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा काळजी वाटायला लागली. ‘आठ पोरांसाठी शाळा कशाला ठेवायची, मावशी? बंद करायच्या ठरावावर सही करून मोकळी होते.’ हे तू लिहावंस? चौथीनंतर शाळा सुटू नये म्हणून आबांशी महिनाभर अबोला धरणारी तू!

तू विचारलंयस इतकंच, की पोरं केंद्रशाळेत पाठवली तर बिघडलं कुठे? तिथे वर्गागणिक शिक्षक आहेत, मैदान आहे, गाडीचीही सोय करतो म्हणतात. चांगलं आहे. पण ती गाडी जुलैत तुमच्या व्हाळाच्या अलीकडे येणार कशी, ते सभेत कुणी विचारलं का? साकवावरून पाणी जायला लागलं की बाप्येमाणसंसुद्धा थांबून राहतात, तिथून सहा वर्षांचं पोर दप्तर घेऊन जाणार? पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, हे शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांतच आहे. साहेब अंतर नकाशावर मोजतात. तू त्यांना पावसात घाटी चढायला लाव, मग बोला म्हणावं.

मुळात आपला सिंधुदुर्ग जिल्हाच केवढासा. 1 मे 1981 ला रत्नागिरीतून वेगळा झाला. 2001 च्या जनगणनेत माणसं 8,68,825 होती, 2011 ला 8,49,651 भरली. राज्याची लोकसंख्या वाढत होती, तेव्हा आपली घटत होती. तरणीताठी मुंबईला नाहीतर गोव्याला गेली. राहिलेल्यांतल्या ज्याला परवडतं तो पोराला टाय बांधून इंग्लिश मीडियमच्या गाडीत बसवतो. मग पट टिकणार कुठून? पट घटला की शिक्षक काढायचा, शिक्षक गेला की धास्तावलेले पालक दाखले काढणार, आणि शेवटी शेरा मारायचा की शाळा चालत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये सरकारने लहान शाळा एकत्र करायच्या ‘समूह शाळां’चे प्रस्ताव मागवले, तेव्हा पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं पुढे ठेवली होती. वीसच्या आत पट असलेल्या शाळा राज्यात पंधरा हजारांच्या आसपास निघाल्या. एवढ्या सगळ्या ठिकाणी पोरं आहेत गं! ती कमी आहेत हा त्यांचा गुन्हा आहे का?

आता माझं नेहमीचं ऐक. कंटाळलीस तरी ऐक. लहान शाळा म्हणजे आजारी शाळा, हे खूळ डोक्यातून काढून टाक. श्रावणात मी आले होते तेव्हा तुमच्या शाळेत तासभर बसले होते. चौथीतली ती थोरली पोरगी दुसरीतल्या पोराला हातचा शिकवत होती. चिंचोके मांडायचे, दहा झाले की एक खडा पलीकडे ठेवायचा. तो चुकला की उत्तर न सांगता ती सगळे चिंचोके परत मोजायला लावायची. गुरुजी तेवढ्यात पहिलीच्या दोघांना अक्षरं गिरवायला देत होते. त्यातला एक ‘माका कळूक नाय’ म्हणाला, तर गुरुजींनी त्याला मालवणीतच पुन्हा समजावलं. चाळीस पोरांच्या वर्गात तो हे बोलला असता का? गप्प बसून राहिला असता, आणि तिसरीत गेल्यावर कळलं असतं की त्याला वाचताच येत नाही.

अनेक इयत्ता एकत्र शिकवणं ही नाइलाजाची गोष्ट आहे असं आपल्याकडे धरूनच चालतात. पण आंध्रातल्या ऋषी व्हॅली शाळेच्या लोकांनी आसपासच्या खेड्यांतल्या अशाच वर्गांसाठी कार्डांवर आधारलेली पद्धत बसवली. प्रत्येक पोर आपापल्या चालीने पुढे जातं. कर्नाटकाने तिच्याच आधारे नव्वदच्या दशकात म्हैसूरकडच्या एच. डी. कोटे तालुक्यातल्या सरकारी शाळांत ‘नलीकली’ सुरू केलं. आपल्या शिक्षकाला तसं शिकवायचं प्रशिक्षण नको का द्यायला? त्याला देतात ऑनलाइन माहिती भरायचं काम, पोषण आहाराचा हिशेब आणि दर आठवड्याला बैठक. खरं तर साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक हवेत असं कायद्याच्या परिशिष्टातच आहे. तुमच्याकडे दुसरा गुरुजी कधीपासून नाही, ते ठरावात कुठे लिहिलंय? मला तरी दिसलं नाही.

आणि तू शाळा व्यवस्थापन समितीवर कशासाठी आहेस? निम्म्या जागा बायकांच्या ठेवल्यात त्या चहा करायला नव्हे. सभेत मागे बसू नकोस. पावसाळ्यात रस्ता कोणता, गाडी बंद पडली तर पोरांना कोण आणणार, दुसऱ्या शिक्षकाची मागणी कधी केली होती, हे इतिवृत्तात लिहून घे. उत्तरं लेखी मिळेपर्यंत सही करायची नाही. केंद्रप्रमुख रागावले तर रागावू देत. त्यांची बदली होईल, तुला मात्र तिथेच राहायचंय.

मला खरी धास्ती पोरींची आहे. शाळा लांब गेली की आधी पोरींचं नाव निघतं. आई काजूच्या कामाला जाते, धाकट्याला केंद्रशाळेत पोचवायचं आणि आणायचं कुणी? थोरलीने. मग तिचे दोन दिवस बुडणार, चार बुडणार, आणि घरात म्हणतील, नाहीतरी तिला कुठे आवड होती. चिंचोके मोजायला लावणारी ती पोरगी पुढच्या वर्षी पाचवीत जाईल ना? तिच्या आईशी आजच बोल. ती काय म्हणाली ते मला कळव. सभेचं नंतर लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
मावशी