अब्बांची वही आणि माझी सायकल

मागच्या पावसाळ्याआधी डॉक्टरांनी साखरेचा रिपोर्ट समोर ठेवला आणि म्हणाले, "सर, चाला तरी, नाहीतर सायकल चालवा." गुडघ्याचं दुखणं जुनं, म्हणून मी सायकल निवडली. गिअरची, पण फार महाग नाही. मोहल्ल्यात दोन दिवस चर्चा झाली. मास्तरांची मोटारसायकल विकली की काय, असंही एकाने अम्मीला विचारून घेतलं.

जामसंड्याला ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवगड बंदराला लागून असलेलं हे गाव. आता दोघांची मिळून नगरपंचायत आहे. वर जांभ्या दगडाचा सडा आणि आंब्याच्या बागा, खाली खाडी आणि समुद्र. म्हणजे सायकलवाल्याला सपाट रस्ता फारसा मिळत नाही. पऱ्ह्यात उतरा, सड्यावर चढा, पुन्हा खाडीत उतरा. नकाशावर दहा किलोमीटर दिसतात, पोटऱ्या पंधरा मोजतात.

सुरुवात मी लहान फेरीने केली. फजरची नमाज झाली की देवगडकडे, बंदरावरून वर किल्ल्यापर्यंत. तिथलं दीपगृह 1915 सालचं आहे. त्या वेळी बंदरावर ट्रॉलरमधून मासळी उतरत असते, बर्फाच्या गाड्या उभ्या असतात, रस्ता ओला असतो. तिथे ब्रेक जपून लावावा, मी एकदा आपटलो आहे. घरी येऊन आंघोळ करून शाळेत वेळेवर पोहोचता येतं. आणखी एक अनुभवाचा सल्ला. खाऱ्या हवेत चेन आठवड्यात गंजते, तेव्हा रविवारी फडकं आणि तेल घेऊन बसायला लाज वाटून घेऊ नये.

महिनाभराने दम वाढला, तेव्हा अब्बांची वही आठवली.

अब्बा पाववाले होते. बेकरीतून पहाटे माल घ्यायचा, कॅरिअरवर पत्र्याची पेटी बांधायची आणि वाड्यावाड्यांतून फिरायचं. पाव, बटर, खारी, ईदच्या आधी नानकटाई. हँडलला रबरी भोंगा. सायकल बिनगिअरची, बावीस इंची, पेटी भरलेली असली की चढावर उतरून ढकलावी लागायची. ते फक्त उर्दू शाळेत चार वर्षं गेले होते, म्हणून उधारीचा हिशेब उर्दूत लिहायचे. गिऱ्हाईक सगळी मालवणी बोलणारी, नावं मालवणी, लिपी उर्दू. त्यात 'ळ' लिहायला अक्षर नाही, तेव्हा त्यांनी लामच्या खाली एक टिंब देऊन स्वतःचा 'ळ' तयार केला होता. मी दोन्ही भाषा शिकवतो, पण असा तोडगा मला बी.एड.ला कोणी शिकवला नव्हता.

नाव पुष्कळदा नसायचंच. 'वडाखालचं घर, 6 पाव'. 'घाटी चढून डावीकडे, बटर, म्हातारी दात नाही'. 'कुत्रं आहे, भोंगा लांबून'. रस्त्यांची माहिती देणारं यापेक्षा चांगलं पुस्तक मी पाहिलेलं नाही. ती वही घेऊन मी त्यांचे रस्ते एकेक करून चालवायचं ठरवलं.

दक्षिणेकडचा रस्ता आधी घेतला. तारामुंबरीपर्यंत उतार, पुढे खाडी. अब्बांच्या काळी इथे पूल नव्हता. होडीत सायकल आडवी टाकून ते मिठमुंबरीला उतरायचे, भरतीच्या वेळी पेटीत पाणी जाऊ नये म्हणून पेटी मांडीवर. आता पुलावरून दोन मिनिटांत पलीकडे जाता येतं आणि कुणकेश्वरला जाणाऱ्याचा मोठा फेरा वाचतो. पुढचा रस्ता समुद्राला धरून चालतो, या भागात सायकलवाल्याने एकच रस्ता निवडायचा तर हाच निवडावा. सकाळी डावीकडून सूर्य सुरूच्या झाडांतून येतो आणि गाड्या कमी असतात. महाशिवरात्रीच्या दोन-तीन दिवसांत मात्र तिकडे फिरकू नका, जत्रेच्या गर्दीत सायकल हातात धरूनच चालावी लागते.

कुणकेश्वरच्या देवळाविषयी एक दंतकथा इथे सगळ्यांना ठाऊक आहे. वादळात सापडलेला एक परदेशी मुसलमान व्यापारी किनाऱ्यावरचा दिवा पाहून वाचला, त्याने बोलल्याप्रमाणे देऊळ बांधलं, आणि त्याची कबर जवळच आहे, असं सांगतात. इतिहास म्हणून मी ही गोष्ट वर्गात सांगत नाही. पण अब्बा तिथे सायकल उभी करून दोन मिनिटं थांबायचे, फातिहा पढायचे, हे अम्मीने सांगितलं. मीही थांबलो.

उत्तरेचा रस्ता लांब आहे. वाडातरच्या पुलावरून खाडी ओलांडायची, मग वाडा. तिथलं विमलेश्वराचं देऊळ जांभ्यातच कोरलेलं आहे. मग पडेल, गिर्ये आणि विजयदुर्ग. जायचेच तिशीच्या आसपास किलोमीटर. अब्बा वाड्यापर्यंतच जायचे, त्यापुढे दुसऱ्या बेकरीचा माणूस. पुढचा रस्ता माझा स्वतःचा. पडेलनंतर सड्यावर सावली नाही, दोन बाटल्या पाणी हवंच. सकाळी जाताना वारा पडलेला असतो, दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो, तो परतताना पाठीत मिळतो. उलट दिशेने हा रस्ता करणाऱ्यांची मला दया येते. गिर्ये येथे रामेश्वराच्या देवळाकडे जांभा कापून केलेली उतरती वाट आहे, मराठा आरमाराचे सरखेल संभाजी आंग्रे यांची समाधीही तिथेच.

विजयदुर्गात गाईड सांगतात की 1868 साली लॉकियर साहेबाने किल्ल्यावरून ग्रहण पाहिलं आणि हेलियम शोधला. मास्तराची खोड म्हणून सांगतो, 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणाला लॉकियर इंग्लंडात होते. सूर्याच्या कडेची ती पिवळी रेषा जान्सन या फ्रेंच माणसाला गुंटूरला दिसली होती. लॉकियर विजयदुर्गाला आले ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी. तीही काही लहान गोष्ट नाही, मग खोटी कशाला सांगावी?

तळेबाजार-शिरगावकडे जाणारा निपाणी रस्ता मी आंब्याच्या दिवसांत टाळतो. पेट्यांचे टेम्पो घाईत असतात.

आता वहीतली एक गोष्ट. 1992 सालच्या डिसेंबरात वहीची पानं कोरी आहेत. सहा तारखेनंतर दहा दिवस एकही नोंद नाही. मी तेव्हा बारा वर्षांचा, मला एवढंच आठवतं की अब्बा घरी होते आणि आम्हांला त्याचा आनंद झाला होता. अम्मीला विचारलं. ती म्हणाली, "इथे काही झालं नाही. पण बेकरीवाले म्हणाले, थोडे दिवस बस. तो बसला. भीती वाटत होती त्याला, पण बोलला नाही." अकराव्या दिवशी एक म्हातारी चालत आमच्या दारात आली आणि ओरडायला लागली, "घोव खंय गेलो तुझो? दहा दिस फिरकाक नाय! पाव नाय तर चाय कशाबरोबर पिवची?" दुसऱ्या दिवशीची नोंद आहे, 'म्हातारी, 4 पाव, 2 बटर, पैसे दिले'. पैसे दिल्याची नोंद तिच्या नावापुढे एरवी फारशी सापडत नाही.

हे मी इथे लिहितोय त्याला कारण आहे. मागच्या महिन्यात एका तिठ्यावर मी पाणी प्यायला थांबलो. हेल्मेट काढलं, खाली टोपी होती, दाढी आहेच. तिथे चार-पाच पोरं बसली होती. एकाने विचारलं, "खंयचे तुम्ही?" म्हटलं, जामसंड्याचा. "नाव काय तुमचा?" त्याचा आवाज वाईट नव्हता. कदाचित सहज विचारलं असेल, मला आजही नक्की सांगता येत नाही. पण मोबाइलवर रोज काय काय पाहतो आपण, ते सगळं त्या क्षणी डोक्यात आलं. मी म्हणालो, "मास्तर आहे मी, शाळेत." आणि हेल्मेट घालून निघालो.

नाव सांगितलं नाही. वीस वर्षं वर्गात पोरांना उभं करून 'नाव मोठ्याने सांग' म्हणणारा माणूस मी. पुढचा चढ नेहमी दुसऱ्या गिअरवर चढतो, त्या दिवशी तिसऱ्यावरच चढून गेलो आणि वर पोहोचल्यावर पाय थरथरत होते. घरी कोणाला सांगितलं नाही. रात्री अम्मीने विचारलं, आज लवकर कसा आलास. म्हटलं, वारा होता पाठीत. तेही खोटं. सकाळी वारा नसतो.

वहीत तो तिठा आहे. 'तिठ्यावरचं दुकान, 10 पाव, रोज'. दुकान आता नाही, टपरी आहे.

पुढच्या रविवारी त्याच रस्त्याने गेलो. पत्नी म्हणाली, दुसरा रस्ता नाही का? आहेत, पण तोच घेतला. टपरीवर थांबून चहा मागितला, हेल्मेट काढून बाकावर ठेवलं. ती पोरं नव्हती. टपरीवाल्या काकी म्हणाल्या, पाव हवो काय, आत्ताच गाडी येऊन गेली, मऊ आहे. दोन घेतले. "खंयसून इलात?" त्यांनी विचारलं. मी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. त्या कपबशी पुसत म्हणाल्या, "बरां," आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

साखर थोडी उतरली आहे. पाव मात्र डॉक्टरांना सांगितलेला नाही.