खाच आणि कप्पी

गेल्या दिवाळीपासून बाबांची हवाईयन गिटार सुरात लागेना. बाबा पंच्याऐंशीचे. आई गेल्यावर त्यांना साताऱ्याहून आमच्याकडे चौमूंला आणलं. हल्ली मला कधीकधी आत्याच्या नावानं हाक मारतात. त्यामुळे घरात आम्ही म्हणू लागलो, आता कानही गेला.

खुंटी पिळली की तार अडायची, मग ‘टक्’ करून एकदम पुढे सरकायची. हाती आलेला स्वर निसटला की बाबांचे डोळे भरायचे.

अडत होती ती नटमध्ये. नट म्हणजे मानेच्या टोकाची खाचांची पट्टी, सतारीची अटी. मुलानं सुचवलं, रोलर नट बसवू. त्यात प्रत्येक तारेखाली विहिरीच्या कप्पीसारखं छोटं फिरतं चाक असतं. पेडल स्टील गिटारला ते असतंच. मला पटलं. आजोबांना तेवढंच सोपं.

जयपूर इथून तीसेक किलोमीटर. तिथल्या कारागिरानं गिटार मांडीवर घेऊन एकच विचारलं, “इसमें पैडल है क्या?”

पेडल नव्हतं. पेडल स्टीलमध्ये पाय दाबला की घोडीकडून तार ताणली जाते, सोडला की सैल होते. वाजवताना ती नटवरून सारखी जराशी जाते-येते. खाचेत अडली तर मूळ स्वरावर परतत नाही, म्हणून कप्पी. बाबांच्या गिटारवर मींड काढतो तो तारांवरून सरकणारा पोलादी बार. विश्वमोहन भट्टांना १९९४ साली ग्रॅमी मिळालं, त्या मोहनवीणेवरही मींड अशीच निघते. आमची तार नटवरून सरकायची ती मुख्यतः लावताना. तेवढ्यासाठी चांगली खाच पुरे. शिवाय कप्पी सैल झाली तर खुली तार किणकिणणार.

दोष अरुंद खाचांचा होता. मागे कधीतरी बाबांनी जाड तारा चढवल्या होत्या. कारागिरानं हाडाचा नवा नट घडवला. खाचा तारांच्या जाडीहून किंचित रुंद, खुंट्यांकडे उतरत्या. बार सगळ्या तारांना सारखा टेकावा म्हणून तारांचे माथे एका पातळीत आणले. शेवटी खाचांत पेन्सिलीचं शिसं घासलं.

अनुवादक असून मी मूळ न वाचताच दुरुस्तीला निघाले होते.

घरी आल्यावर बाबांनी दहा मिनिटांत गिटार लावली. सहाही तारा, अचूक. मग म्हणाले, “लागली बघ.”

मी मान डोलावली. कान गेला, असं आम्ही तीन महिने त्यांच्यासमोरच बोलत होतो. त्यांनी ते ऐकलं असणार.