तीन बरोबऱ्यांचे मोल

बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये 21 सप्टेंबर 2024 रोजी, दहाव्या फेरीत, भारताच्या महिला संघाने चीनला अडीच-दीड असे हरवले. चारपैकी एकच डाव निकाली ठरला. नागपूरच्या दिव्या देशमुखने तिसऱ्या पटावर नी शिछुनला नमवले. बाकी तिघींनी बरोबरी साधली. मालवणात मी हे कौतुकाने सांगत होतो, तेव्हा शेजारची शाळकरी मुलगी म्हणाली, "मगे बाकीच्यांनी काय केल्यानी?"

प्रश्न बिनतोड होता. त्या तिघींपैकी एक जरी हरली असती, तरी सामना दोन-दोन झाला असता आणि दिव्याचा विजय नुसता सांत्वनापुरता उरला असता. आमच्याकडच्या रापणीत मासेमारीच्या जाळ्याचा दोर किनाऱ्यावर दोन्ही बाजूंनी ओढावा लागतो; एक बाजू ढिली पडली की दुसरीचा जोर वाया जातो.

वैयक्तिक स्पर्धेत बरोबरीचा अर्धा गुण ज्याचा त्याच्यापाशी राहतो. सांघिक सामन्यात त्याची किंमत शेजारचे पट ठरवतात. स्वतःच्या डावात जिंकायची संधी खुणावत असली, तरी धोका पत्करायचा की नाही हे तिकडे काय चालले आहे त्यावर ठरते. कर्णधार, पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे, बरोबरी घ्यावी की नाही किंवा डाव सोडावा, एवढेच सुचवू शकत होते. पटावरच्या स्थितीबद्दल अवाक्षर काढायला नियमाने बंदी असते.

आणि वेळ नाजूक होती. पहिले सातही सामने जिंकून भारत आठव्या फेरीत पोलंडकडून हरला होता, नवव्यात अमेरिकेने बरोबरीत रोखले होते. अशा वेळी मोह आवरून अर्धा गुण राखणे ही भित्रेपणाची खूण नव्हे. त्याला वेगळीच छाती लागते. दुसऱ्या दिवशी अझरबैजानला साडेतीन-अर्धा असे हरवून भारतीय महिलांनी ऑलिंपियाडचे पहिले सुवर्णपदक जिंकले. अकरा डावांत साडेनऊ गुण मिळवून अपराजित राहिलेल्या दिव्याला वैयक्तिक सुवर्णही मिळाले. ते तिच्या हक्काचेच.

पण तालुक्याची सांघिक स्पर्धा खेळून मुली घरी येतील, तेव्हा "कोण जिंकली?" एवढ्यावर थांबू नका. कोणी डाव हातचा जाऊ दिला नाही, तेही विचारा. तिचेही नाव घ्या.