लिस्बन, वसईकडून पाहताना

पहिला परदेशप्रवास म्हटला की मराठी घरांत पूर्वी लंडनचे नाव निघे. अलीकडे बँकॉक, सिंगापूर किंवा दुबईचे निघते. आम्ही चौघा मित्रांनी लिस्बनला जायचे ठरविले, तेव्हा चारही घरांतून एकच प्रश्न आला : तिथे आहे काय?

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर आपल्या शालेय इतिहासाच्या पुस्तकातच आहे. ज्यांच्याकडून मुंबई १६६१ च्या विवाहकराराने इंग्रजांकडे आंदण म्हणून गेली, ज्यांच्याकडून १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि ज्यांना डिसेंबर १९६१ मध्ये गोवा सोडावा लागला, त्यांची ही राजधानी. सुमारे साडेचार शतके आपल्या किनाऱ्यासंबंधीचे हुकूम जिथून सुटत होते ते गाव कसे दिसते, हे पाहावे असे आम्हांस वाटत होते. शिवाय आमच्यापैकी एकजण वसईचा ख्रिस्ती. आडनाव पोर्तुगीज, घरची बोली सामवेदी आणि प्रार्थना मराठीत. उरलेल्या आम्हा तिघांपैकी एक नाशिकचा, एक पुण्याचा आणि एक गिरगावातला. आम्हा तिघांचे कुतूहल आणि त्याचे कुतूहल एकाच जातीचे नव्हते, हे तिथे पोहोचल्यावर हळूहळू उलगडत गेले.

त्याची सुरुवात हॉटेलातच झाली. स्वागतकक्षातील बाईंनी आम्हा तिघांची आडनावे अक्षरे लावीत वाचली, वसईकराचे मात्र एका दमात उच्चारले आणि आपुलकीने विचारले, "आपले कुणी नातेवाईक आहेत का इथे?" तो म्हणाला, "नाही. आमच्या गावात बहुतेकांची आडनावे अशीच असतात." बाई हसल्या. खोलीकडे जाताना तो आम्हांस म्हणाला, "तिकडे कुणी आडनाव ऐकले की विचारतात, तू मूळचा कुठला? आता इकडेही तेच."

भाषेची ओळख पटत गेली ती दुकानांतून. 'बटाटा', 'अननस', 'काजू', 'चावी', 'लिलाव' हे शब्द पोर्तुगीजांकडून आले हे आपण वाचलेले असते; पण फळांच्या ढिगावर खोचलेल्या पाटीवर 'अननस' हाच शब्द रोमन लिपीत दिसला की वाटणारे नवल वेगळे. बेकरीत पावाला जवळजवळ पावच म्हणतात, फक्त थोडे नाकातून. सर्वांत गंमत वाटली ती 'पगार' या शब्दाची. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ पैसे देणे, चुकते करणे. आपल्याकडे पगार म्हणजे महिन्याच्या शेवटी हाती पडणारे पैसे. शब्द एकच, तिकडे तो देणाऱ्याच्या तोंडी राहिला, इकडे घेणाऱ्याच्या. ज्यांना हे पैसे मिळत, त्या शिपाई, खलाशी, नोकरचाकर यांच्या तोंडून तो मराठीत रुजला असावा असे आम्हांस वाटते. पुढचे काही दिवस या शहरात जे जे पाहिले ते असेच दोन टोकांनी धरलेले निघाले.

बेलेम हा तेजो नदीकाठचा भाग. येथील जेरोनिमोस मठाचे बांधकाम सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले आणि त्याचा खर्च मुख्यतः आफ्रिका व पूर्वेकडील व्यापारावरील सुमारे ५ टक्के करातून भागविला गेला. दोर, गाठी, समुद्री वनस्पती असे नक्षीकाम दगडातून इतक्या हळुवारपणे उठविलेले आहे की मान वर करून पाहतच राहावे. मलबारच्या मिरीचे असे रूपांतर होऊ शकते, हे मान्य करावेच लागते. चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची समाधी आहे आणि तिच्यासमोर, दुसऱ्या बाजूस, कवी कामोंइशची. गामा २४ डिसेंबर १५२४ रोजी कोचीत वारला. तिथेच त्याला पुरले होते. १५३९ साली अवशेष पोर्तुगालला आणले गेले आणि १८८० साली या मठात. त्याच्या सफरीवर महाकाव्य रचणाऱ्या कामोंइशने काही वर्षे गोव्यात काढली होती.

या समाधीपाशी आमचा वाद झाला. नाशिककर मित्राने १५०२ सालची घटना काढली : मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज गामाने मलबार किनाऱ्याजवळ बायकामुलांसकट जाळले होते. "अशा माणसाच्या थडग्याचे फोटो काढायचे?" असा त्याचा सवाल. पुणेकराचे म्हणणे, इतिहासातील माणसे त्यांच्या काळाच्या मापाने मोजावीत. त्यावर नाशिककर म्हणाला की जळणाऱ्यांचाही काळ तोच होता. या उत्तरास प्रत्युत्तर नव्हते आणि आजही आम्हांस सुचलेले नाही. वसईकर इतका वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हा लुटारू होता हे मला तुमच्याइतकेच ठाऊक आहे. पण हा आला नसता तर मी रविवारी ज्या चर्चमध्ये जातो ते नसते. माझ्या आजीची जपमाळ नसती. तुम्ही याला नाकारून मोकळे होता. मी काय नाकारू?"

मठापासून थोड्या अंतरावर नदीच्या काठी शोधांचे स्मारक आहे. मूळ १९४० सालच्या प्रदर्शनासाठी तात्पुरते उभारलेले हे शिल्प सालाझारच्या राजवटीत १९६० साली काँक्रीट आणि दगडात पक्के करण्यात आले. पुढच्याच वर्षी गोवा गेला. समोरच्या फरसबंदीत जगाचा भव्य नकाशा कोरला आहे आणि पोर्तुगीज जिथे जिथे पोहोचले तिथे साल घातले आहे. लहान मुले त्यावरून धावत होती, भारत एका ढांगेत ओलांडत होती. १४९८ साली कालिकत काही हरवलेले नव्हते. अरबी, गुजराती, चिनी मालाने गजबजलेले ते बंदर होते. पण या नकाशावर काळाची सुरुवात जहाज किनाऱ्याला लागते त्या क्षणापासून होते.

दुसऱ्या दिवशी कार्मो मठाच्या भग्नावशेषांत गेलो आणि चौघेही एकदम थबकलो. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनला भूकंप झाला. मागून समुद्राच्या लाटा आल्या आणि मग दिवसेंदिवस चाललेली आग. कार्मोच्या चर्चचे छत कोसळले. पुढे दुरुस्ती सुरू झाली, पण एकोणिसाव्या शतकात धार्मिक संघ बरखास्त झाल्यावर ती थांबली आणि मग ते तसेच ठेवण्यात आले. कमानी आहेत, खांब आहेत, वर निळे आकाश. "हा तर आमचा किल्ला," वसईकर म्हणाला. खरेच तसे होते. वसईच्या किल्ल्यातील बिनछपराची चर्चे, त्यांच्या जमिनीवरील पोर्तुगीज अक्षरांच्या थडग्याच्या शिळा आणि भिंतींतून उगवलेली झाडे आम्ही त्याच्याबरोबर अनेकदा पाहिली होती. तिथे हे काम युद्धाने, दुर्लक्षाने आणि पावसाळ्यांनी केले. इथे एका सकाळने. फरक इतकाच, की इथे पडझडीभोवती संग्रहालय आहे, तिकीट आहे आणि प्रत्येक दगडाला नाव आहे.

याच मठाला लागून असलेल्या लष्करी बराकीत २५ एप्रिल १९७४ रोजी पंतप्रधान मार्सेलो काएतानो याने आश्रय घेतला होता. बाहेरच्या चौकात सैनिक आणि नागरिक जमले, संध्याकाळी त्याने शरणागती पत्करली आणि जवळजवळ अर्धशतकाची हुकूमशाही संपली. आफ्रिकेतील वसाहतींच्या लढायांना कंटाळलेल्या तरुण अधिकाऱ्यांनीच हे बंड केले होते. त्याच वर्षाच्या शेवटी पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. अखेरच्या माणसापर्यंत लढण्याचा हुकूम असूनही १९६१ साली शरणागती पत्करून गोव्यातील संहार टाळणाऱ्या गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांना सालाझारने लष्करातून काढून टाकले होते. त्यांचा मानही या क्रांतीनंतरच परत मिळाला.

हे सारे डोक्यात असतानाच आम्ही समुद्र पाहण्यासाठी कास्काइशच्या लोकल गाडीत बसलो. डावीकडे नदी रुंदावत समुद्र होत जाते. डब्यात टॉवेल आणि छत्र्या घेतलेली कुटुंबे. मध्येच एक स्टेशन आले, काशियश. गिरगावकर मित्र उठून दाराशी गेला. गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून गेलेले आणि मुक्तिलढ्यात १९५५ साली पकडले गेलेले मोहन रानडे याच काशियशच्या तुरुंगात होते. गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटली तरी ते इथेच होते. सुटले जानेवारी १९६९ मध्ये. स्टेशनावरून तुरुंग दिसला नाही. गाडी अर्धा मिनिट थांबली आणि निघाली. नंतर वाचले ते असे, की क्रांती झाल्यावर दोनच दिवसांत याच तुरुंगाचे दरवाजे उघडून पोर्तुगीज राजबंद्यांना सोडण्यात आले होते. सालाझारने कोंडलेल्यांत सांगलीचा माणूस होता, तसे लिस्बनचेही होते.

शेवटच्या दिवशी म्हणून अल्जूबला गेलो. कॅथीड्रलशेजारची ही इमारत राजबंद्यांचा तुरुंग होती. २०१५ पासून तिथे संग्रहालय आहे. जेमतेम एक माणूस आडवा होईल अशा कोठड्या, गुप्त पोलिसांच्या कारवायांची हकीकत आणि वसाहतींतील स्वातंत्र्यलढ्यांसाठी दिलेली जागा. बेलेमच्या नकाशावर जे नाही ते इथे आहे. एकाच शहराने दोन्ही जपले आहे, आणि पर्यटकांची गर्दी अर्थातच बेलेमला अधिक असते.

संध्याकाळी तेजोच्या काठी बसलो होतो. नाशिककराने वसईकराला विचारले, "मग काय, सापडले का तुझे मूळ?" तो म्हणाला, "इथे काही नव्हतेच, सापडणार काय? आडनाव इथले आहे, एवढेच. हे लोक आमच्याकडे आले तसे यांच्यातलेही कितीजण यांच्याच तुरुंगात गेले. मी कुणाचा वारस ते मला ठरवता येईल, असे आज पहिल्यांदा वाटले." जरा थांबून पुढे म्हणाला, "आता कुणी विचारले, मूळचा कुठला, तर वसईचा म्हणेन. आधीही तेच म्हणत होतो. पण मग आडनावाचा खुलासा करीत बसायचो. तो आता करणार नाही."

आम्हा तिघांकडे असा खुलासा आजवर कुणी मागितलेला नाही.