प्रवाह आणि प्राणवायू

मासे पाळण्याच्या छंदात पडलेल्या माणसाला आधी रंग दिसतात, मग मासे दिसतात आणि बऱ्याच उशिरा पाणी दिसू लागते. आम्हांला ते दाखवले मिशावाल्या माशांनी. आपल्याकडील मांगूर, शिंगाळा यांच्या या जगभर पसरलेल्या गोतावळ्यातील काही चिमुकले दक्षिण अमेरिकी सदस्य आमच्या दिवाणखान्यात मुक्कामाला आहेत. ते तळाशी वावरतात, आणि पाणी साचून राहिले तर प्राणवायूची टंचाई भासते तीही तळाशीच.

हिशेब सोपा, पण निष्ठुर आहे. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो. २५ अंश सेल्सिअसच्या एक लिटर गोड्या पाण्यात फार तर ८.३ मिलिग्रॅम विरघळून राहतो. पाणी ३० अंशांवर गेले की ७.६. म्हणजे उष्म्याने माशाची गरज वाढते, नेमका तेव्हाच पुरवठा आटतो. पंपाचे बुडबुडे माशांना श्वास देतात हा समज अर्धाच खरा. बुडबुडा स्वतः फारसे काही देत नाही. तो पाणी वर ओढतो, पृष्ठभाग हलता ठेवतो, आणि हवेला भेटून आलेले पाणी पुन्हा तळाकडे जाते. रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू खर्च करतात, म्हणून पहाटे शिल्लक सर्वांत कमी असते.

आमच्या कोरिडोरास माशांना निसर्गाने एक पळवाट दिली आहे. ते मध्येच सुर्रकन वर येतात, हवेचा घोट घेतात आणि तिच्यातला प्राणवायू आतड्यातून शोषतात. अधूनमधून हे चालायचेच; परंतु त्यांच्या फेऱ्या वाढल्या, की ती तक्रार समजावी.

आमच्या चिरंजीवांना मात्र अलीकडे झेब्रा प्लेको हवा आहे. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा हा देखणा मासा ब्राझीलमधील शिंगू नदीच्या मोठ्या वळणावर, खडकांच्या कपारींत राहतो. तिथले पाणी उबदार, पण खळाळते. उष्णतेने जे हिरावले, ते प्रवाह भरून देतो. १९९१ साली या माशाला शास्त्रीय नाव मिळाले आणि जगभरचे हौशी त्याच्यामागे लागले. पुढे याच वळणावर बेलो मोंते प्रकल्प आला. २०१६ मध्ये तिथे वीजनिर्मिती सुरू झाली, २०१९ मध्ये ११,२३३ मेगावॅटची क्षमता पूर्ण झाली. त्यासाठी नदीचे बरेचसे पाणी कालव्याने वळवून थेट जनित्रांकडे नेले जाते. वळणाच्या वाट्याला उरलेले येते. २०२२ च्या पनामा परिषदेत हा मासा साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला.

आमच्या घरी वीज गेली की प्रवाह थांबतो. तिकडे वीज यावी म्हणून प्रवाह अडवला. हे लक्षात आल्यापासून आम्हांला त्या माशाकडे निव्वळ शोभेची वस्तू म्हणून पाहता येईना. चिरंजीवांचा युक्तिवाद तयार होता: टाकीतच पैदास झालेले मासे मिळतात, ते घेतल्याने नदीचे काय बिघडते? शिवाय, नदीतून नाहीसा झाला तरी टाकीत वंश टिकेल! युक्तिवादाचा पहिला भाग आम्हांला मान्य आहे. दुसऱ्यापाशी आम्ही अडखळतो. टाकीत टिकेल तो मासा. पण पुराबरोबर वाढणारी आणि उन्हाळी ओसरणारी त्याची ऋतुचर्या, त्या कपारींतले त्याचे शेजारी, त्या वळणाकाठी मासेमारीवर जगणारी माणसे यांना कोणत्या काचेत ठेवणार? वंश राखल्याच्या समाधानात नदीची हानी सोसण्याजोगी वाटू लागते, हीच आमची भीती.

झेब्रा अद्याप आणलेला नाही. वाद चालू आहे, आणि चिरंजीवांचे मुद्दे दिवसेंदिवस पक्के होत आहेत. दरम्यान, वीज गेली की आपोआप चालू होणारा बॅटरीवरचा पंप आम्ही टाकीला जोडला आहे. आपल्या हाती असलेला प्रवाह तरी खंडू नये.