गाडीचें वय

हमरस्त्याच्या कांठीं वसलेल्या गांवास एक विद्या फुकट मिळते, ती म्हणजे गाड्यांचें वय ओळखण्याची. आमचें चौक हें असेंच गांव आहे. खालापूर तालुक्यांत, मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर तें वसलें असून त्याच्या डोईवर इर्शाळगडाचा सुळका आणि माथेरानचा लांबलचक कडा हीं उभीं आहेत. सन २००२ मध्यें द्रुतगती महामार्ग पुरता खुला होण्यापूर्वीं घाटाकडे जाणारीं बहुतेक वाहनें आमच्या ओटीसमोरून जात, आणि ओटीवर बसलेलीं वडील माणसें नुसत्या आवाजावरून एखादें वाहन किती वर्षांचें झालें असेल हें सांगत. "ही कांहीं बोरघाट चढत नाहीं," असें आमचे आजोबा एखाद्या दमलेल्या टॅक्सीविषयीं म्हणत, आणि तिच्या मागील कांचेंतून डोकावणारीं मुलें आम्हांस हात करून पुढें जात. ती टॅक्सी घाट चढली कीं नाहीं हें आम्हांस कधींच कळलें नाहीं. परंतु गाडीला वय असतें व तें कोणीतरी मोजावें लागतें, ही गोष्ट तेव्हांपासून मनांत बसली आहे.

हें वय कोणी मोजावें व कोणत्या मापानें मोजावें, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. भाड्यानें चालणारी गाडी अर्धी खासगी व अर्धी सार्वजनिक असते. तिचा मालक एकच; पण तिच्यांत बसणारा मनुष्य दर फेरीस निराळा, आणि त्या परक्या मनुष्याचा जीव तिच्या ब्रेकवर अवलंबून. म्हणूनच जेथें जेथें भाड्याची गाडी आली तेथें तेथें तिच्या मागोमाग परवानाही आला. इंग्लंडांत १८४७ च्या कायद्यानें हा अधिकार गांवोगांवच्या स्थानिक संस्थांना मिळाला, व लंडन शहर वगळतां तो आजही तेथील नगरपरिषदांच्याच हातीं आहे. त्यांतील कोणी गाडीच्या वयाला मर्यादा घालते, तर कोणी वरचेवर तपासणी करून भागवते. आमच्याकडे मोटारगाड्यांपुरता हा अधिकार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालीं प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे आहे. नांवें निराळीं असलीं तरी विवंचना एकच आहे: ही गाडी अजून चालूं द्यावी कीं नाहीं?

मापें दोन आहेत. एक तपासणीचें व दुसरें पंचांगाचें. तपासणींत गाडीचीं चाकें, ब्रेक, दिवे व धूर पाहून ती रस्त्यास योग्य असल्याचें प्रमाणपत्र देतात. पंचांगांत केवळ तिची जन्मतारीख पाहतात. न्यायाच्या दृष्टीनें पहिलें माप सरस, हें कोणीही कबूल करील. सांभाळून वापरलेली वीस वर्षांची गाडी निष्काळजी मालकाच्या आठ वर्षांच्या गाडीहून निरोगी असूं शकते, जसा रोज पहाटे फिरावयास जाणारा सत्तरीचा म्हातारा आमच्या वर्गांतील कित्येक विशींतल्या तरुणांहून निरोगी असतो. परंतु दुसऱ्या मापाच्या अंगीं एक गुण असा आहे कीं, त्यास त्याचा शत्रूही नांवें ठेवूं शकणार नाहीं: पंचांगास लांच देतां येत नाहीं. तपासणारा डोळा मिटूं शकतो, तारीख मिटत नाहीं. म्हणून राज्यकर्ते पुष्कळदां न्यायाचें माप सोडून सोयीचें माप हातीं घेतात, व त्यांस सर्वस्वीं दोष देणेंही कठीण आहे.

मुंबईंत या पंचांगाच्या मापानेंच एका युगाचा शेवट झाला. वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली पद्मिनी ही मोटार कित्येक दशकें मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून प्रसिद्ध होती. टॅक्सीच्या वयास २०१३ पासून वीस वर्षांची मर्यादा घातली गेली. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ताडदेवच्या परिवहन कचेरींत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदविली गेली होती. त्यामुळें २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिचें आयुष्य कायद्यानें संपलें. त्या आठवड्यांत वर्तमानपत्रांनीं तिच्यावर मृत्युलेख लिहिले, व मुंबईकरांनीं तिच्याबरोबर आपलीं छायाचित्रें काढून घेतलीं. आम्हांसही आजोबांची आठवण होऊन हळहळ वाटली.

तथापि त्या हळहळीच्या भरांत एक महत्त्वाची गोष्ट मागें राहिली. गाडी गेली तरी परवाना गेला नव्हता. १९८८ च्याच कायद्यांत अशी तरतूद आहे कीं, परवानाधारकास प्राधिकरणाच्या संमतीनें जुन्या गाडीच्या जागीं त्याच प्रकारची दुसरी गाडी आणतां येते. म्हणजे कायद्यानें येथें एक प्रकारें पुनर्जन्माची सोय करून ठेवली आहे. गाडीचा देह भंगारांत जातो, आणि परवाना नव्या देहांत शिरून आपल्या मालकाचें पोट पूर्ववत् भरूं लागतो. नव्या गाडीचे पैसे उभे करण्याची विवंचना उरते हें खरें, व ती लहान नाहीं. तरी पण धंद्याचें दार बंद झालेलें नसतें. वयाची मर्यादा लोखंडास लागते, माणसास लागत नाहीं. आमच्या मतें भाड्याच्या गाड्यांविषयींच्या कोणत्याही नियमाची खरी परीक्षा येथेंच आहे.

ही सोय जेथें नसते तेथें काय होतें, हें पाहावयास आम्हां चौककरांस लांब जावें लागत नाहीं. मान वर केली म्हणजे पुरे. सन १८५० च्या मे महिन्यांत ठाणें जिल्ह्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा आमच्या चौकहूनच डोंगर चढून गेला, आणि ठाकर-कातकऱ्यांस आधींपासून ठाऊक असलेलें माथेरान साहेबलोकांस ठाऊक झालें. पुढें १९०५ मध्यें तेथें नगरपालिका स्थापन झाली, व १९०७ मध्यें नेरळहून लहानगी आगगाडी वर जाऊं लागली. त्यापूर्वीं वर जाणारा मनुष्य तट्टावरून जाई, नाहींतर दुसऱ्या माणसांच्या खांद्यावरून. मोटारीस मात्र माथेराननें कधीं उंबरठा ओलांडूं दिला नाहीं. ती दस्तुरी नाक्यावर थांबते. केंद्र सरकारनें ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेनें हा परिसर संवेदनक्षम ठरविला, तेव्हां रुग्णवाहिका व आगीचा बंब यांखेरीज इतर मोटारींची बंदीही पक्की झाली. त्या बंदीमुळें तेथील झाडी, लाल माती व शांतता टिकली, हा लाभ कोणीही नाकारणार नाहीं. त्याचें मोल कोण देत होतें, एवढेंच पाहावयाचें. वाहन म्हणून उरले घोडे आणि हातरिक्षा. आणि या दोहोंस परवाना देणारी संस्था म्हणजे माथेरानची नगरपरिषद. परवान्याचे घोडे ४६० व हातरिक्षा ९४, असा हिशेब अलीकडील वर्षांत वारंवार सांगितला गेला आहे.

या हातरिक्षेंत बसण्याचा प्रसंग आमच्या घरांत एकदांच आला. आमच्या थोरल्या आत्याबाईंचे गुडघे धरले होते, आणि माथेरान पाहण्याची त्यांची इच्छा मात्र तरुण होती. दस्तुरीपासून बाजारापर्यंतचा अडीच-तीन किलोमीटरांचा रस्ता त्यांच्यानें चालवेना. घोड्यावर बसण्याचें नांव काढतांच त्यांनीं देवाचें नांव घेतलें. शेवटीं हातरिक्षा ठरली. एक मनुष्य पुढें दांड्यांमध्यें उभा राहिला, दोघे मागून लावूं लागले, आणि चढ सुरू झाला. आम्ही बाजूनें चालत होतों. थोड्या वेळानें पाहतों तों आत्याबाईंनीं आपली कापडी पिशवी मांडीवरून उचलून दोन्ही हातांनीं अधांतरीं धरलेली. कारण विचारतां म्हणाल्या, "अरे, बिचाऱ्यांना तेवढाच भार कमी." आम्हांस हसूं आलें, पण तें फार वेळ टिकलें नाहीं, कारण पुढील मनुष्याचा श्वास आम्हांस स्पष्ट ऐकूं येत होता. आत्याबाईंची करुणा अगदीं खरी होती, व तिचा त्या मनुष्यास कांहींएक उपयोग नव्हता. पिशवीचा भार त्याच चाकांवर पडत होता. पुढें अनेक सरकारी योजना वाचतांना ती अधांतरीं धरलेली पिशवी आमच्या डोळ्यांपुढें आली आहे.

रिक्षा हा शब्द मूळचा जपानी. मूळ रूप 'जिन-रिकि-शा'. त्यांत जिन म्हणजे माणूस, रिकि म्हणजे बळ आणि शा म्हणजे गाडी. माणसाच्या बळाची गाडी, असा त्याचा सरळ अर्थ. हा शब्द जपानाबाहेर पडून हिंदुस्थानांत येईपर्यंत झिजला, आणि झिजतांना त्याचा पहिला अवयव गळून गेला. राहिलें बळ व गाडी. गळाला तो माणूस. भाषेनें केलेला हा अपघात असेल, पण परवान्याच्या कागदावरही नेमकें हेंच घडत आलें. गाडीचा क्रमांक, गाडीचा दर व गाडीचें शुल्क लिहिलें गेलें. जो इंजिनाच्या जागीं जुंपला होता त्याच्या छातीचें योग्यता-प्रमाणपत्र कोणी मागितलें नाहीं. मोटार जुनी झाली म्हणजे तिचा धूर दिसतो. येथें इंजिन जुनें होई तें पन्नाशीच्या माणसाच्या रूपानें, आणि त्याच्या जागीं त्याचा मुलगा उभा राही.

ही स्थिति मोडावी अशी मागणी खुद्द रिक्षा ओढणाऱ्यांनींच केली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. त्यांस विजेवर चालणारी ई-रिक्षा हवी होती; पण ज्या अधिसूचनेनें माथेरानची झाडी राखली तिच्यामुळेंच तीस मज्जाव झाला होता. टॅक्सीवाल्यास जी अदलाबदल एका अर्जानें करतां येते, तिच्यासाठीं या लोकांस सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावें लागलें. न्यायालयानें २०२२ मध्यें प्रायोगिक परवानगी दिली, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. २०२४ च्या जानेवारींत तूर्त वीस ई-रिक्षांची मर्यादा घालून त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांसच मिळाव्या असें न्यायालयानें सांगितलें. त्यानंतर त्या खरोखर त्यांच्याच हातीं पडल्या कीं नाहीं याविषयीं वाद झाला, व तोही न्यायालयापुढें गेला. अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजीं सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानें निकाल दिला: माणसानें माणूस ओढण्याची प्रथा माथेरानांत सहा महिन्यांच्या आंत बंद करावी, गुजराथेंतील केवडियाच्या धर्तीवर सरकारनें ई-रिक्षा विकत घेऊन त्या या लोकांस भाड्यानें चालवावयास द्याव्या, आणि पैसा नाहीं ही सबब सांगूं नये.

या निकालांतील शेवटचीं दोन कलमें आम्हांस पहिल्याइतकींच मोलाचीं वाटतात. केवळ बंदी करणें सोपें असतें. मुंबई उच्च न्यायालयानें २०१५ मध्यें व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवून त्या वर्षभरांत बंद करण्यास सांगितलें, तेव्हां घोड्यांच्या हालांकडे पाहतां तें योग्यच होतें. परंतु त्या निकालांतही चालक-मालकांच्या पुनर्वसनाची आठवण सरकारास करून द्यावी लागली, कारण ती आपण होऊन कोणास होत नाहीं. उलट १९८० मध्यें अमृतसरच्या सायकल-रिक्षांचें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें असतां काय झालें तें पाहावें. रिक्षा जो स्वतः चालवील त्या मालकासच परवाना, असा पंजाबचा नवा कायदा होता. हेतु उत्तम, पण रिक्षा भाड्यानें घेऊन चालविणारा गरीब मनुष्य तिचा मालक होणार कसा? तेव्हां न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं कायदा तसाच ठेवून चालकांस बँकेचें कर्ज मिळेल अशी योजना आंखून दिली. कायद्यानें जें दार उघडलें होतें त्याच्यापर्यंत पोहोंचणारी पायरी न्यायालयानें बांधली.

कोणी म्हणेल, ही सगळी दयेची भाषा झाली. नगरपरिषदेनें रस्त्यावरील सुरक्षितता पाहावी, लोकांचे संसार पाहूं नयेत. आम्हांस हा आक्षेप मान्य नाहीं. जी संस्था वर्षानुवर्षें शुल्क घेऊन एखाद्या धंद्यास परवाना देते, ती त्या धंद्याची भागीदार असते. धंदा लज्जास्पद ठरतांच आपला संबंध नव्हता असें तिला म्हणतां येत नाहीं. शिवाय माथेरानांत केवळ रिक्षावाल्यांचाच प्रश्न नाहीं. ई-रिक्षा आली म्हणजे आपल्या घोड्यावर कोण बसणार, ही घोडेवाल्यांची भीति पोकळ नाहीं, आणि ती बोलून दाखविल्याबद्दल त्यांस प्रगतीचे शत्रु म्हणणें हा अन्याय होईल. त्यांच्या परवान्याचाही विचार आजच झाला पाहिजे. नाहींतर एकाची मुक्ति ही शेजाऱ्याची उपासमार ठरेल.

म्हणून जुनी गाडी रस्त्यावरून काढतांना प्रत्येक परवाना-संस्थेनें तीन प्रश्न स्वतःस विचारावे असें आम्हांस वाटतें. या गाडीवर कोणाकोणाचें पोट आहे? तिच्या जागीं जी नवी येणार ती त्याच माणसांच्या हातीं जाईल अशी तजवीज झाली आहे काय? आणि त्या नवीचे पैसे कोठून यावयाचे? या तिहींचीं उत्तरें तयार असतील तर वयाची मर्यादा वीसावरून पंधरावर आणली तरी आमची हरकत नाहीं. नसतील तर ती मर्यादा कितीही शास्त्रीय असो, ती अधांतरीं धरलेली पिशवीच समजावी. परवान्याच्या ज्या कागदावर गाडीचा क्रमांक असतो, त्याच कागदावर एका माणसाचें नांवही असतें. क्रमांक केव्हांतरी खोडावाच लागतो. तो खोडतांना शाई शेजारच्या ओळीवर पसरूं नये, एवढी काळजी घेणें म्हणजेच राज्य करणें होय.