विलंबाचा हिशेब

अग्निबाणांच्या छंदात नव्याने शिरणाऱ्या मनुष्यास प्रथम भुरळ पडते ती जोराची. मोटरीच्या नावातील अक्षर एकेक पायरी पुढे सरकले की तिच्या एकूण आवेगाची मर्यादा दुप्पट होते, म्हणजे ‘जी’ची मर्यादा १६० न्यूटन-सेकंद तर ‘एच’ची ३२०, एवढे एकदा उमगले की पुढचे अक्षर कधी हाती येते याखेरीज दुसरा विचार सुचत नाही. नोकरीनिमित्त दक्षिण कॅलिफोर्नियात स्थायिक झाल्यावर, मूळच्या नागपूरच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांच्या संगतीने मीही या नादाला लागलो, आणि ‘एच’ किंवा ‘आय’ वर्गाची मोटर उडवून, बाण धडधाकट परत आणून दाखविल्याशिवाय जो मिळत नाही त्या प्रथम श्रेणीच्या दाखल्याची तयारी करू लागलो, तेव्हा कोणती मोटर घ्यावी हाच मुख्य प्रश्न असे मी धरून चाललो होतो.

तो प्रश्न एका संध्याकाळीच निकालात निघाला. बाण चार इंच व्यासाचा, चांगला लठ्ठ. उड्डाणाच्या वेळचे वजन दीड किलोच्या आसपास. रेटा वजनाच्या किमान पाचपट असावा हा सर्वमान्य दंडक. आणि स्नेह्यांच्या पेटीत २९/१८० ची ॲल्युमिनियमची केस, म्हणजे २९ मिलिमीटर व्यासाची आणि १८० न्यूटन-सेकंदांपर्यंतचे सामान सामावून घेणारी, पुनःपुन्हा भरण्याजोगी नळी. तीत बसणारी एरोटेक कंपनीची ‘एच-१२८-डब्ल्यू’ सरासरी १२८ न्यूटन रेटा देते, म्हणजे वजनाच्या आठपटीहून अधिक, आणि शुभ्र ज्वाळेसह दाट पांढरा धूर सोडीत सव्वा-दीड सेकंदात जळून जाते. नावातल्या ‘डब्ल्यू’चा अर्थ हाच.

पण त्या नावाच्या शेपटीला आणखी एक आकडा असतो, आणि खरा पेच त्यातच आहे. इंधन संपल्यावर बाण आपल्याच वेगाने वर चढत राहतो. त्या अवधीत मोटरीच्या वरच्या टोकाशी बसविलेली विलंबाची कांडी, जी वास्तविक इंधनाबरोबरच पेटलेली असते, मंदपणे जळत असते, आणि ती संपताच वरच्या खळग्यातील काळी दारू उडून हवाई छत्री बाहेर फेकली जाते. हे घडावे शिखरबिंदूवर, जेथे बाणाचा वेग जवळजवळ शून्य असतो. तेथून एक सेकंद अलीकडे वा पलीकडे गेले की वेग ताशी पस्तीस किलोमीटर, आणि तीन सेकंद चुकल्यास शंभराच्या वर. अशा वेगात छत्री उघडली म्हणजे तिची दोरी हिसक्यासरशी पुठ्ठ्याच्या नळीला कडेपासून उभी चिरीत नेते. या अपघातास तेथील मंडळी ‘झिपर’ म्हणतात, आणि असा चिरलेला बाण दाखल्यास पात्र ठरत नाही.

आता शिखर किती सेकंदांनी येणार, हे मोटर जाणत नाही. ते बाणावर अवलंबून असते. हीच मोटर किलोभर वजनाच्या सडपातळ बाणात घातली तर तो इंधन संपल्यावर अकराएक सेकंद चढत राहील. माझ्या लठ्ठ बाणास हवेचा विरोध एवढा की त्याची दौड साडेसहा सेकंदांतच आटोपणार, असा संगणकाचा निर्वाळा होता. हा निर्वाळा ‘ओपनरॉकेट’ या आज्ञावलीचा. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील एका विद्यार्थ्याच्या प्रबंधातून ती निर्माण झाली आणि सर्वांस विनामूल्य खुली आहे. मात्र हवेच्या विरोधाचा गुणांक ती बाणाच्या आकारावरून अंदाजानेच काढते आणि तो कोणासही नेमका ठाऊक नसतो. मी कागद पुढे करताच स्नेह्यांनी एवढेच विचारले, “रंग दिल्यावर तोलून पाहिलात का?” रंग, सरस आणि छत्री धरून बाण तोलला आणि आकडे पुन्हा घातले, विलंब फारसा हलला नाही, पण स्नेह्यांचे समाधान झाले.

कांडी चौदा सेकंदांची मिळते. ती कमी करता येते, वाढविता येत नाही. त्यासाठी हाताने फिरविण्याचे एक छोटे हत्यार असते (विजेचे ड्रिल येथे सर्वथा वर्ज्य), आणि दर सेकंदास सुमारे एक बत्तिसांश इंच या प्रमाणात कांडीत भोक पाडावयाचे असते. हत्यारावर दोन, चार, सहा आणि आठ सेकंद एवढ्याच खुणा. म्हणजे मला एकतर सहाचा विलंब मिळणार, नाहीतर आठचा. साडेसहाची सोय कोठेच नाही. आठ घेतल्यास छत्री दीड सेकंद उशिरा, बाणाने तोंड खाली वळविल्यावर. सहा घेतल्यास अर्धा सेकंद लवकर. शिवाय उत्तम कारखान्याची कांडीही सेकंदभर इकडे-तिकडे होतेच. वारा असला की बाण त्याच्याकडे तोंड वळवितो आणि शिखर लवकर गाठतो, हाही विचार मनात होता. मी आठ सेकंद कापून सहा ठेवले.

मोटर जुळविणे हे मला स्वतः उडविण्याहून प्रिय आहे. पुठ्ठ्याच्या अस्तरात इंधनाचे ग्रेन सरकवावे, ओ-रिंगांना बोटाने हलके ग्रीस लावावे, सील-चकती बसवावी, नॉझल खालून चढवावे, दोन्ही टोकांचे क्लोजर आवळावे, शेवटी दारू मोजून ओतावी व झाकावी. ज्या अमोनियम परक्लोरेटच्या मिश्रणाचे ते ग्रेन असतात, त्यास स्फोटकांच्या यादीत घालून सरकारी खात्याने परवान्यांचा जाच मांडला होता. छांदिष्टांच्या दोन संस्थांनी २००० साली दावा लावला आणि २००९ साली वॉशिंग्टनच्या न्यायालयाने तो त्यांच्या बाजूने निकालात काढला. हे मिश्रण स्फोट पावत नाही, केवळ जळते, हा त्यांचा मुद्दा होता, आणि त्यास स्फोटक ठरविण्यास खात्यापाशी पुरेसा आधार नाही असे कोर्टाने मानले. एवढ्या चिकाटीने सरकारशी झगडणारी छांदिष्ट मंडळी मी अन्यत्र पाहिली नाहीत.

मोहावे वाळवंटातील ल्यूसर्न येथील कोरड्या तळ्यावर, सकाळच्या पडत्या वाऱ्यात, बाण सरळ गेला. उंची मोजणारे एक बोटभर यंत्र मी केवळ नोंदीसाठी आत ठेवले होते. मोठ्या बाणांत तेच छत्रीही उघडते आणि मोटरीचा विलंब सेकंद-दोन सेकंद पुढे, राखीव म्हणून ठेवतात, परंतु पहिल्या दाखल्यास कांडीवरच विसंबावे असे माझे मत होते व आहे. नोंदीनुसार उंची तीनशे मीटरांच्या किंचित वर, शिखर सुटल्यापासून आठव्या सेकंदाच्या आत, आणि छत्री त्यानंतर अर्ध्या सेकंदाच्या आतच. माझ्या हिशेबाने ती शिखराच्या आधी उघडावयास हवी होती. कांडी सुमारे सेकंदभर सावकाश जळाली म्हणून ती पलीकडे सरकली. निष्पत्ती उत्तम, श्रेय निम्मे दैवाचे.

दाखल्यावर सही झाल्यानंतर आम्ही त्याच नोंदीवरून विरोधाचा गुणांक उलट काढला आणि पुढची मोटर ठरविली: त्याच केसमधली ‘एच-२३८-टी’, रेटा जवळजवळ दुप्पट, पण एकूण आवेग तेवढाच. रेटा एवढा वाढूनही इंधन संपतानाचा वेग फारसा बदलत नाही, त्यामुळे दौडही साडेसहा-सातच सेकंदांची निघाली. पुन्हा आठ सेकंदच कापले.